बर्फाची पिशवी

हवा भरायचा पंप बिघडला नसता तर लमूनचे ओठ सुजले नसते. आणि ओठ सुजले नसते तर थनूने तिच्याकडे दुसऱ्यांदा वळून बघितलं नसतं... निदान तो तरी असंच सांगतो. लमून म्हणते, खोटं. आधीपासूनच बघत होता मेला.

त्रांगकडच्या त्यांच्या गावात दहाव्या महिन्याची, पितरांची जत्रा होती. देवळाच्या आवारात पिवळे दिवे, तळणाचा वास आणि चिखलावर पसरलेला लाकडाचा भुसा. पा ख्लायचा, म्हणजे लमूनच्या मावशीचा, बाण मारून फुगे फोडायचा स्टॉल होता. लमूनची आई ती लहान असतानाच गेली. तेव्हापासून पा ख्लायनेच तिला वाढवलं, प्रेमाने कमी आणि बडबडीने जास्त. पंप बंद पडल्यावर तिने फुग्यांची अख्खी थैली लमूनच्या मांडीवर आदळली.

"तोंड दिलंय ना देवाने? ते काय नुसतं मला उलटून बोलायला? फुंक."

लमूनने फुंकले. थोड्या वेळाने ओठांना मुंग्या आल्या, मग खाज सुटली, मग ओठ आपले नाहीतच असं वाटायला लागलं. खोकला पण येत होता मधून मधून. चोवीस वर्षांची बाई, गालांत हवा भरून लाल झालेली, आणि समोर बाण हातात घेऊन उभा असलेला हा उंच माणूस.

"कुणी चावलं का गं तुला?"

"मिरची आहे. पपईच्या सलाडमधली."

"कुठल्या गाड्यावरची? मला पण सांग. माझे ओठ फार बारीक आहेत."

"बाण मारायचेत की तोंड चालवायचंय?"

त्याने मारले. एकही लागला नाही. एक तर पा ख्लायच्या कानाजवळून गेला, तेव्हा तिने त्याच्या खानदानाची विचारपूस केली. तो निघून गेला. लमूनला उगाचच राग आला... आता आला होता तर जरा थांबायला काय झालं होतं?

तो परत आला तो हातात प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घेऊन.

"हे धर. लाव ओठांना."

"मी मागितला होता?"

"नाही. पण तुला बघून पोरं रडायला लागलीत. मावशीचा धंदा बसेल."

तिला हसू आलं, पण सुजलेल्या ओठांनी हसता येईना. ते बघून तोच हसला. आवाज न करता, डोळ्यांनीच. "नाव काय?"

"फुगेवाली."

"आणि खरं?"

"...लमून."

बर्फ विरघळला, पाणी मातीत गेलं. पिशवीच्या तोंडाला लाल रबर बँड गुंडाळलेला होता, तो लमूनने मनगटात चढवला. तिकडे सगळ्याच बायका चढवतात, स्वयंपाकात लागतात म्हणून. पण त्या काढतात. हिने काढला नाही.

---

थनूची बाग ओढ्यापलीकडे होती. आजोबांनी लावलेली रबराची झाडं. मधे दोन वर्षं तो कानतांग बंदरातून मासेमारीच्या बोटीवर गेला होता. आजोबा गेले, तसा परत आला. लमून आणि पा ख्लाय दुसऱ्याच्या बागेत अर्धेलीने चीक काढायच्या. दोघी पहाटे उठून खोडांना चीर द्यायच्या, उजाडल्यावर झाडांना बांधलेल्या वाट्यांतला चीक बादलीत गोळा करायच्या. मग शेडमध्ये तो ताटांत ओतून त्यात अ‍ॅसिड घालायचं, घट्ट झाला की हाताने दाबायचा आणि यंत्रातून लाटून चादरी करायच्या. लमूनचे हात त्यामुळे बारा महिने लाल असायचे, भेगाळलेले. कोण काय म्हणेल याची तिला सवय झाली होती. सगळे एकच म्हणायचे.

"अ‍ॅसिड."

बरोबरच होतं ना. अ‍ॅसिड बाटलीतून येतं, त्याच्यावर कवटीचं चित्र असतं, वासाने डोळ्यांत पाणी येतं. चीक झाडातून येतो, पांढरा, दुधासारखा. त्याच्यावर घरं उभी राहिली, लग्नं लागली, मुलं शाळेत गेली. त्याला कोण नाव ठेवणार?

आणि पावसात झाडाला चीर देत नाहीत. ओल्या सालीवरून चीक वाटीत जाण्याऐवजी खोडभर ओघळतो, सगळा वाया. म्हणजे पाऊस पडला की सुट्टी. त्या वर्षी पाऊस थांबेचना. सगळं गाव आभाळाला शिव्या देत होतं, आणि ओढ्यावरच्या फळीवरून थनू रोज छत्री घेऊन येत होता.

"आज पण पाऊस," तो म्हणायचा.

"मी पाडला का?"

"मला तर तोच संशय आहे. मी सुरी हातात घेतली की ढग येतातच."

"मग नको येऊस, फी. घरी बस, सुरीला धार लाव." तिकडे वयाने मोठ्याला फीच म्हणतात, भाऊ असो, शेजारी असो की मनातला माणूस. पण लमून हा शब्द ज्या लाडात म्हणायची, तो शेजाऱ्यासाठी नव्हता. पा ख्लायला आतून बरोबर ऐकू यायचं.

"त्याला म्हणावं आत ये नाहीतर जा!" ती ओरडायची. "दारात उभं राहून माझी जमीन भिजवू नको!"

एकदा त्याने तिचं मनगट धरलं. रबर बँडखाली लालभडक कडं उठलं होतं, बारीक पुळ्यांचं.

"हे काय?"

"अ‍ॅसिड उडालं."

"अ‍ॅसिड असं गोल उडतं? बांगडीसारखं?"

"तुला काय करायचंय?" तिने हात ओढून घेतला. रबर बँड कुठला आहे हे त्याने ओळखलं होतं की काय, या भीतीने तिचे कान तापले. ओळखलं होतंच त्याने. म्हणून तो त्या कड्याचं विसरला आणि नुसता तिच्याकडे बघत राहिला. तीही विसरली. तो गेल्यावर तिने रबर बँड काढून डब्यात ठेवला. कडं आठवड्यात गेलं.

शेडमधून तो तसाच यायचा, सदऱ्यावर चिकाचे वाळलेले थेंब. पहिल्यांदा त्याने तिला जवळ घेतलं, तेव्हा तिने मान त्या सदऱ्यावर टेकली आणि डोळे मिटले... दुसऱ्या दिवशी मानेवर चट्टे. पा ख्लायने ते बघितले, थनूच्या छत्रीकडे बघितलं, आणि म्हणाली, "हे अ‍ॅसिडचंच ना गं? की मी पंचांग आणू?"

---

पानगळीत लग्न झालं. त्या दिवसांत झाडं उघडीबोडकी होतात, सुऱ्या तेल लावून ठेवून देतात, शेडला कुलूप पडतं. रबरवाले लग्नं तेव्हाच करतात, कारण तेवढीच सवड.

आणि लमूनचे हात बरे झाले. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तळव्यांवर एकही भेग नव्हती. ती थनूसमोर हात पसरून बसली.

"फी, बघ ना."

"काय बघू?"

"हात! मऊ झालेत."

"माझ्या हातात आल्यामुळे," तो म्हणाला. तिने त्याला उशी मारली, पण मनातून तिला ते खरंच वाटलं.

मूल इतक्यात नको असं दोघांनी ठरवलं होतं. आजोबांची जुनी झाडं तोडून नवी लावायची होती, आणि नवं झाड चीक द्यायला बरीच वर्षं घेतं. म्हणून थनूने गावच्या आरोग्य केंद्रातून कंडोमची पाकिटं आणली. तिथे दारातच टोपलीत ठेवलेली असतात. तो मान खाली घालून मूठभर उचलून आला, आणि घरी येऊन स्वतःच लाजला.

पहिल्या वेळेनंतर आग झाली. लमूनला वाटलं, होत असेल. बायकांना काय काय सोसावं लागतं हे पा ख्लाय भाजी निवडता निवडता सांगायचीच. पण आग दुसऱ्या दिवशी पण होती, सूज होती, खाज तर अशी की चारचौघांत बसवेना. दुसऱ्या वेळी लवकर सुरू झाली. तिसऱ्या वेळी त्याच्या मिठीत असतानाच. तिने उशीचा कोपरा दातात धरला, आणि त्याला वाटलं ती लाजतेय.

मग बहाणे. डोकं दुखतंय... आज दमलेय... पा ख्लायकडे जाऊन येते. आधी थनू चटई तिच्याजवळ ओढून घ्यायचा, आता ती जिथे असेल तिथेच राहू द्यायचा. दिवसभर मात्र त्याच्या हाताची ती वाट बघायची, आणि तो हात खांद्यावर आला की अंग आखडायचं. हात तोच, वाट पण तशीच बघायची ती, आणि भीतीही त्याचीच. हे कुणाला कसं सांगणार? तिला स्वतःलाच कळत नव्हतं.

पा ख्लायच्या नजरेतून काय सुटतं? लमून जरा अवघडून बसलेली तिने बघितली.

"जळजळतंय?"

लमून मान खाली घालून भाजी निवडायला लागली.

"तो बोटीवर होता ना?" पा ख्लायने आवाज खाली आणला. तिने आवाज खाली आणला म्हणजे काहीतरी वाईटच. "बंदरावरची पोरं... एकेक घेऊन येतात गं अंगावर. सांगत नाहीत कुणी."

लमून तिच्यावर खेकसली. "तोंड सांभाळ!" म्हणाली. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. सारखा एकच हिशेब घालत राहिली. शेडला कुलूप आहे. अ‍ॅसिडची बाटली कपाटात आहे. हात बघ, स्वच्छ. म्हणजे अ‍ॅसिड नाही. मग या महिन्याभरात माझ्या अंगाला नवीन काय लागलं?

एकच नवीन होतं. थनू.

---

त्याने आंबट कढीतला मासा निवडून तिच्या भातावर ठेवला होता. काटे काढून. तेव्हाच तिने विचारलं.

"फी, बोटीवर असताना तू... कुणाकडे जायचास का?"

त्याचा चमचा थांबला. "कोण म्हणालं?"

"कुणी नाही. मी विचारतेय."

"एकदा गेलो होतो. सगळे गेले म्हणून. तुला भेटायच्या कितीतरी आधी." मग चमचा खाली ठेवून, "का?"

"मला आग होते." बोलायला लागल्यावर तिला थांबता येईना. "प्रत्येक वेळी. सूज येते, चालवत नाही. मी कुणाला सांगू शकत नाही. तिकडची घाण तू माझ्या अंगात आणलीस!"

थनूने ताट बाजूला सारलं.

"मला वाटत होतं, तुला मी आवडेनासा झालोय," तो म्हणाला. "तेच बरं होतं."

त्याने चटई गुंडाळली आणि बंद शेडमध्ये झोपायला गेला. लमून रडली, मग चिडली, मग त्याने काटे काढून दिलेला मासा बघून पुन्हा रडली. पुढचे काही दिवस ते एका अंगणात दोन परकी माणसं असल्यासारखे वागले. एक दिवस तो सकाळीच मोटारसायकल घेऊन कुठेतरी गेला आणि संध्याकाळी आला. तिने विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही.

---

शेवटी ती आरोग्य केंद्रात गेली. तिथल्या नर्सला सगळे मॉ चरून म्हणतात. तिकडे डॉक्टर काय नि नर्स काय, मॉच. ठेंगणी, पायात फुलाफुलांच्या चपला.

"किती दिवस होतंय हे?"

"लग्नापासून."

"आणि आज येतेस?"

"लाज वाटली, मॉ."

"लाज घरी ठेवून यायची असते. झोप तिथे."

लमून टेबलावर झोपली, छताकडे बघत. मॉ चरूनने पांढरे हातमोजे चढवले, एक हात तिच्या गुडघ्यावर ठेवला, "सैल सोड अंग," म्हणाली आणि तपासायला लागली. आणि पुन्हा तेच...

"थांबा! मॉ, थांबा ना!"

"दुखलं?"

"दुखत नाही. आग. तीच आग! अगदी तीच."

मॉ चरूनने लगेच हात काढून घेतला. लमून कोपरावर उठून बसली. तेव्हा तिला गुडघा दिसला. जिथे मॉने हात ठेवला होता तिथे पाच बोटं उमटली होती. लाल, पित्त उठावं तशी फुगलेली. अंगठा पण वेगळा दिसत होता.

लमून बघत राहिली. थनू इथे नव्हता. थनू तिकडे बागेत होता. आणि आग इथे होती.

"मॉ," तिने मॉच्या हातांकडे बोट केलं. "हे हातमोजे कशाचे आहेत?"

"कशाचे म्हणजे? रबराचे."

"आपल्या झाडाच्या?"

"मग काय चंद्रावरच्या?" म्हणता म्हणता मॉ चरून थांबली. तिने गुडघ्याकडे बघितलं. हातमोजे काढून लांबच्या डब्यात टाकले, हात साबणाने धुतले आणि कपाटातून दुसरं खोकं काढलं. निळे हातमोजे. "यात झाडाचा चीक नसतो. आता बघू. आग झाली की बोल, सोसू नको."

आग झाली नाही.

लमूनच्या डोळ्यांसमोर एकेक यायला लागलं. फुगे. मनगटावरची लाल बांगडी. सदऱ्यावरचे थेंब आणि मानेवरचे चट्टे. इतक्या वर्षांचे भेगाळलेले हात. आणि ती टोपलीतली पाकिटं... ती तरी कशाची होती? सगळं एकाच झाडाचं.

"फुगे फुगवताना खोकला आला होता?" मॉने विचारलं.

"हो."

"श्वास अडकला होता कधी?"

"नाही."

"केळं, पपई खाल्ल्यावर तोंडात खाजतं?"

"केळ्याने घशात टोचतं. मला वाटायचं कच्चं असेल."

मॉ चरून टेबलाच्या कडेला बसली. "ऐक. काहींच्या अंगाला चीक चालत नाही, अशांना मग केळं-पपई पण खाजते. जितका लागत जाईल तितकं अंग जास्त बिथरतं. त्रांगच्या मोठ्या इस्पितळात रक्त तपासून घे, म्हणजे पक्कं कळेल. दुसरं काही दुखणं नाही ना, तेही मी नमुना पाठवून बघते. अंदाजावर सोडायचं नाही. तोपर्यंत चिकात हात घालायचा नाही. आणि ही पाकिटं बंद. दुसऱ्या कशाची मिळतात, झाडाचं रबर नसलेली, ती वापरायची. दातवाल्याकडे जा, ऑपरेशनला जा, आधी सांगायचं, मला रबर चालत नाही. आणि कधी तोंड सुजलं, दम लागला, गरगरलं, तर घरी बर्फ लावत बसायचं नाही, तडक इस्पितळ. कळलं?"

"मॉ, इतकी वर्षं कुणीच कसं म्हणालं नाही?"

"मी पण इथलीच ना," मॉ चरून म्हणाली. "माझी आई अजून माझ्या हातांकडे बघून अ‍ॅसिडच म्हणते."

लमूनला हसू आलं आणि त्याच्यामागोमाग रडू. सुटल्याचं रडू नव्हतं ते. आग रबराची, आणि तिने थनूला काय काय ऐकवलं होतं...

---

थनू बागेत वाट्यांना चिकटलेलं जुनं काळं रबर खरवडत बसला होता. पायाखाली वाळकी पानं, ती आली तेव्हा मोठ्याने वाजली. त्याने वर बघितलं नाही.

"फी."

"हं."

"तू काही आणलं नव्हतंस."

"माहितेय," तो म्हणाला. "मी त्रांगला जाऊन तपासून आलो."

तिला बसावंसं वाटलं. ती बसली, त्याच्यासमोर, पानांतच. "त्या दिवशी... तिकडे गेला होतास?"

"रक्त घेणाऱ्याने नाव इतक्या मोठ्याने पुकारलं की बाहेरच्या भाजीवाल्यांना पण कळलं असेल." त्याने वाटी पालथी केली. "आधी रागाने निघालो होतो. तुझ्या तोंडावर फेकायला. वाटेत भीती वाटली. खरंच असलं तर? माझ्यामुळे तुला काही झालं असलं तर?"

"मग काही नाही निघालं तर सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? बघ, मी चांगला आहे?" आता त्याने तिच्याकडे बघितलं. "मी चांगला निघालो म्हणून तुझी आग थांबणार होती का?"

तिने सगळं सांगितलं. गुडघा दाखवला, पाच बोटं अजून पुसट दिसत होती. तो आधी हसला. मग त्याचं हसू गेलं.

"रबर? रबराने काय होतं? माझ्या आजोबांनी जन्म काढला यात. कोपरापर्यंत हात घालायचे."

"आजोबांना नाही झालं. मला होतं."

"अ‍ॅसिडच असेल गं लमून. त्या केंद्रातल्या साबणात काही असेल..." तो उठला, खोडावरची जुनी चीर चाचपायला लागला. "थांब. अजून थोडा चीक निघेल. एक थेंब मनगटावर लावून बघू, म्हणजे तुझी पण शंका फिटेल."

"नको."

"एकच थेंब!"

"फी, नको म्हटलं ना!" ती मागे सरकली, दोन्ही हात पाठीमागे. "मॉने सांगितलंय, घरी असले प्रयोग नाहीत. तुला माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा लागेल." मग तिने मान खाली घातली. "मी तुझ्यावर ठेवला नव्हता... माहितेय मला. माझी चूक होती ती. पण तू ठेव."

वाऱ्याने झाडावरची शेवटची काही पानं फिरत खाली आली. थनू सुरी हातात धरून उभा होता. आजोबांची सुरी, मूठ झिजलेली. त्याने ती खाली ठेवली. मग आपल्या हातांकडे बघितलं. बोटं काळ्या रबराने माखलेली, नखांत, रेघांत, सगळीकडे.

"म्हणजे हे हात तुला लावायचे नाहीत," तो म्हणाला.

तिने पाठीमागचे हात पुढे घेतले.

"धुऊन लाव की," ती म्हणाली.

तो घराकडे गेला. अंगणातल्या रांजणाजवळ बसून त्याने हात घासले. कपड्यांच्या साबणाने, नारळाच्या काथ्याने, कोपरापर्यंत. पाणी ओतायचा, वास घ्यायचा, पुन्हा घासायचा.

"पुरे आता, कातडं निघेल!"

"नखांत आहे अजून."

"फी... पुरे."

त्याने ओले हात तिच्यापुढे धरले, लहान मुलं जेवायच्या आधी आईला दाखवतात तसे. तिने ते धरले. त्या दिवशी एवढंच.

---

त्रांगच्या इस्पितळाने मॉ चरूनचंच खरं ठरवलं. दुसरं दुखणं काही निघालं नाही. पा ख्लायला सांगितलं तेव्हा तिने लमूनचे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. मग म्हणाली, "म्हणजे माझे फुगे आता कोण फुगवणार?" आणि आत जाऊन डोळे पुसून आली. जावयाला तिने त्या दिवशी वाफवलेले बन पाठवले. माफी मागायची तिची तीच रीत.

लमूनने चीक सोडला. पहाटे थनू एकटा जाणार, ती बागेच्या कडेला भाजी लावणार. शेडमधले कपडे शेडमध्येच काढायचे, घरात येताना दुसरे. हा नियम थनूनेच केला, आणि मोडायला गेली तर लमूनवरच ओरडायचा.

पाकिटांसाठी तो शहरात गेला. परत आला तो लालबुंद.

"काय झालं?"

"दुकानातली पोरगी. मी हळू आवाजात म्हटलं, रबराचं नको. तर केवढ्याने म्हणते, काका, त्रांगमध्ये येऊन रबराचं नको म्हणणारे तुम्ही पहिलेच! अख्खं दुकान वळलं."

"काका म्हणाली?"

"तेच तर!"

लमून हसत सुटली. खूप दिवसांनी. तो आधी रुसला, मग पाकीट उजेडात धरून त्याच्यावरचं बारीक अक्षर वाचत बसला, एकेक ओळ बोट ठेवून, शाळेत कधी वाचलं नसेल इतक्या लक्ष देऊन.

तरी तो जवळ आला नाही. तिनेच त्याची चटई ओढून आपल्या चटईला लावली.

"भीती वाटते?" त्याने विचारलं.

"हो. तुला?"

"तुझ्यापेक्षा जास्त."

"जरा जरी आग झाली तर मी सांगेन. उशी चावणार नाही."

"शप्पथ?"

"शप्पथ, फी."

दुपार होती. बाहेर किडे किरकिरत होते, पडद्यातून हिरवा उजेड येत होता; झाडांना कोवळी पालवी फुटायला लागली होती. तो मधे मधे थांबून तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. मग तिनेच त्याचे डोळे तळव्याने झाकले.

नंतर तिला झोप लागली. जाग आली तेव्हा तो शेजारी नव्हता. ती तशीच पडून राहिली, वाट बघत. आगीची. ती कशी सुरू होते हे तिला पाठ होतं... आधी मुंग्या, मग खाज. ती थांबली. आणखी थांबली.

मग उठली, लुंगी नीट गुंडाळली आणि बाहेर आली.

थनू पायरीवर बसला होता, तिच्याकडे पाठ करून. हातात बर्फाची प्लास्टिकची पिशवी. बराच वेळ बसला असणार. पायाशी पाण्याचं डबकं झालं होतं.

"हे काय?"

तो दचकला. "काही नाही. असू दे म्हटलं. लागला तर." त्याला पुढचं विचारायचं होतं आणि विचारता येत नव्हतं. नुसता बघत होता, जत्रेत बघत होता तसा.

लमून त्याच्या शेजारी बसली आणि पिशवी हातात घेतली. पिशवीच्या तोंडाला रबर बँड नव्हता. गाठ मारली होती, वेडीवाकडी, मोठ्या बोटांनी कशीबशी मारलेली. तिने मान वळवून आत बघितलं. स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर रबर बँडांचा झुबका असायचा, लाल, पिवळे, हिरवे. खिळा रिकामा होता.

ती गाठ सोडवत बसली. गाठ सुटेना.

"लमून... सांग ना गं. होतेय का आग?"

"फी, सकाळची कॉफी उरलीय का?"

"उरलीय. का?"

"ओत की मग दोन ग्लासांत," ती म्हणाली, आणि शेवटी दातांनीच गाठ सोडली. "नाहीतर तुझा एवढा बर्फ वाया जाईल."

त्याला कळायला जरा वेळच लागला. मग तो उठला, पटकन आत गेला, आणि आतून दोन ग्लास एकमेकांवर आपटल्याचा आवाज आला.